वाकडा भालाईत

नितीन आवटीनं आम्हांला दाखवलेल्या पहिल्या सैनिकाला मानच नव्हती. खांद्यांवर थेट डोकं, आणि डोकं कसलं, बटाटेवडाच. बाटलीच्या बुचावर उभा केलेला तो इंचभर माणूस नितीननं माझ्या टेबलावर ठेवला आणि आम्ही काहीतरी बरं बोलू म्हणून तोंडाकडं बघत राहिला. मी विचारलं, हा लढाईला निघालाय की लढाईतनं परत आलाय? बशीरचाचा हसले ते ठसका लागेपर्यंत हसले.

खरं तर हसायचं तोंड माझंही नव्हतं. माझ्या सैनिकाला मान होती, हातपाय होते, पण मी त्याचं तोंड उघडं ठेवून आत दात बसवले होते. वरचे, खालचे, सुळ्यांसकट. चौदा वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढल्यावर बाईला दुसरं काय सुचणार? नितीननं भिंगातनं बघितलं आणि म्हणाला, "पद्माक्का, हा आरोळी देत नाहीये. हा दाढ दाखवायला आलाय."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली होती आमची. चाचांनी तर आपला माणूस दाखवलाच नाही. मूठ मिटून बसले होते. मूठ थरथरत होती, पण त्यांची मूठ तशीही थरथरायचीच, त्यामुळं कुणी काही बोललं नाही.

ही गोष्ट मिरजेची, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत एका दुकानाच्या वर माझी लॅब होती, अजून तिथंच आहे. गावातले डॉक्टर पेशंटच्या दातांची मापं पाठवायचे, मी मेणात दात कोरायची, धातूत ओतायची, घासूनपुसून परत पाठवायची. खालचं दुकान बशीरचाचांचं. चाचांच्या हातची सतार म्हटली की लांबलांबचे लोक वर्षभर थांबायचे. पण या गोष्टीच्या दोन वर्षं आधी त्यांचा उजवा हात हलायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एकदा पटाशी सटकली आणि पूर्ण तयार झालेल्या सतारीच्या पुढच्या पाटीवर इकडून तिकडं ओरखडा गेला. त्यांचा मुलगा इक्बाल तेव्हा रागावला नाही. पटाशी हळूच काढून घेतली आणि म्हणाला, अब्बा, आता तुम्ही फक्त आवाज तपासा.

इक्बालसारखा पोरगा शोधून सापडायचा नाही, हे आधीच सांगते. पण त्या दिवसापासून चाचांच्या हातातनं एकेक गोष्ट जात गेली. शर्टाची बटणं इक्बाल लावायचा. चहा सून बशीत ओतायची आणि बशी ओठाशी धरायची. भाकरी मोडून ताटात यायची. सगळं मायेनं, कुणाच्या तोंडून वाकडा शब्द नाही. चाचा मग दुकानातनं उठून माझा जिना चढायला लागले. म्हणायचे, तुझ्या मेणाचा वास बरा वाटतो. मला ते खरं वाटायचं.

नितीन बँकेत होता. दाढेच्या टोपीचं माप परत द्यावं लागलं म्हणून एकदा आला आणि आम्हांला चिकटला तो कायमचाच. त्याच्या भावानं परदेशातनं लढाईच्या खेळाचं एक खोकं पाठवलं होतं. जाड कागदाचा मोठा नकाशा, डोंगर, खिंडी, नद्या, फासे आणि नियमांचं पुस्तक. सैन्याच्या सोंगट्या मात्र वेगळ्या विकत घ्यायच्या आणि त्या भलत्याच महाग. मग आम्ही रविवारी सकाळी लॅबचं टेबल रिकामं करून शर्टाची बटणं आणि राजम्याचे दाणे घेऊन लढाया मारायचो. माझे राजमे, नितीनची बटणं. चाचा आधी नुसते बघायचे, मग एका रविवारी त्यांनी फासे मागून घेतले. फासे टाकायला हात हलला तरी चालतो. किंबहुना हललेला बरा.

त्यात नितीननं बातमी आणली. महिन्यानं कोल्हापुरात असले खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा होता. सैन्य कसलंही आणा, बटणं आणा, दगड आणा, पण नायकाची सोंगटी खेळणाऱ्यानं स्वतः घडवलेली पाहिजे. एक इंच उंचीची. टेबलावर बसायच्या आधी विचारणार, ही तुमच्या हातची का?

चाचांनी पुन्हा विचारून घेतलं. दुसऱ्याचा हात लागलेला चालणार नाही? नितीन म्हणाला, अजिबात नाही.

"मग मी येतो," चाचा म्हणाले.

नितीन गेल्यावर ते मागं थांबले. मी एक कवळी घासत होते, मान वर न करता ऐकत होते.

"पोरी, दोन वर्षं झाली, माझ्या अंगावरचं बटणसुद्धा माझ्या हातचं नाही," ते म्हणाले. "मला एक वस्तू करायची आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी. बोटभर का असेना."

मी म्हटलं, करा की चाचा, त्यात काय. इतक्या हलकेपणानं म्हटलं की आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तर, आमची शाळा सुरू झाली. इलेक्ट्रिकच्या वायरमधली तांब्याची तार काढायची, पिळून तिचा हातापायांचा सांगाडा करायचा, तो बुचात खोचायचा. वर लावायला नळ गळाला की लावतात तो दोन रंगांचा मसाला. दोन्ही सारखे घेऊन मळले की तासाभरात धरायला लागतो आणि मग दगड. नितीननं पहिल्यांदा अंदाजपंचे मळला तर त्याचा सैनिक तीन दिवस मऊच राहिला आणि उन्हात हळूहळू खाली बसला. दुसऱ्यांदा चेहरा छान जमला, म्हणून खुशीत पाय करायला घेतले आणि धरायला जागा नाही म्हणून चेहऱ्यालाच चिमटीत धरलं. मानेशिवायचा जो दाखवायला आणला होता ना, तो हा.

यावर उपाय चाचांनी काढला. म्हणाले, सगळा माणूस एका दमात करायला तुम्ही देव आहात काय? आज पाय. वाळू देत. मग धड. वाळू दे. आम्ही लाकडाला लाकूड चिकटवलं की गोंद वाळेपर्यंत त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. तेव्हापासून आमची माणसं जरा माणसांत आली.

त्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. कोरायची सुई हातात धरली की टोक नाचायचं. पहिली दोन माणसं त्यांनी नुसती टोचून टोचून मारली. मग एके दिवशी खालून त्यांचा छोटा वाइस घेऊन आले, टेबलाच्या कडेला आवळायचा, लाकूड धरून ठेवणारा. त्यात सुई उभी आवळली, टोक वर करून. बूच दोन्ही मुठींत धरलं, कोपरं पोटाशी दाबली, मुठी टेबलावर रोवल्या आणि माणूस हळूहळू सुईकडं नेला.

"सुई माझं ऐकत नाही," म्हणाले, "मग मी माणसालाच समजावतो."

असा त्यांचा भालाईत उभा राहायला लागला. हातात भाला, खांद्यावर घोंगडी. दिवसाला एवढंसं काम. एक दिवस नुसता गुडघा. मुठी रोवल्या तरी थरथर थोडी उरायचीच, त्यामुळं घोंगडीवर ओढलेली एकही रेघ सरळ नव्हती, सगळ्या बारीक नागमोडी. भाला वाकडा. नाकाला दोनदा सुरुवात केलेली. अकरा दिवस लागले.

एकदा त्या दिवसांतच मी त्यांना माझ्या कामातली मेख सांगत होते. दात डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसू दे, केसाएवढा खडबडीतपणा राहिला तरी पेशंटच्या जिभेला कळतो. मग दिवसभर जीभ तिथंच. म्हणून मी शेवटपर्यंत घासते, काही लागेनासं होईस्तोवर. चाचा म्हणाले, आमच्यात उलटं आहे गं. सतारीच्या घोडीवर तारा टेकतात ती जागा घासून जवारी काढायची, तेव्हा आवाज उघडतो. पण हात कुठं थांबवायचा ते कळलं पाहिजे. हस्तिदंतासारखी गुळगुळीत केलीस की आवाज मेला. मी हं हं केलं. दुसऱ्या गावच्या बाजाराची गोष्ट ऐकावी तसं ऐकलं.

मेळावा रविवारी होता. शुक्रवारी दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. तिघांचे नायक माझ्याकडंच एका प्लास्टिकच्या डब्यात असायचे. माझा नवा नायक तयार होता, या वेळी तोंड मिटलेला. नितीनचा सैनिक ढालीआड होता, कारण ढालीमागं बरंच काही लपतं. आणि चाचांचा भालाईत. मी तो भिंगाखाली घेतला आणि मला गलबलून आलं. कोल्हापुरात कोण कोण असणार, वर्षानुवर्षं हेच करणारी माणसं. त्यांच्या हातात हा जाणार. कुणीतरी हसणार. एवढा मोठा कारागीर, आणि कुणीतरी पोरटं त्याच्या नाकाला हसणार.

मला दुसऱ्याचं अर्धवट काम बघवत नाही. लहानपणी बहिणीची रांगोळी ती पाणी प्यायला गेली की मी पुरी करायची आणि मग मार खायची. खोड ती खोड. मी घासायचं मशीन चालू केलं, सगळ्यात बारीक रबरी चाक लावलं. नाक एकच केलं. भाल्याची तार चिमट्यानं सरळ केली. घोंगडीवरच्या नागमोडी रेघा घासल्या, वर मसाल्याचा पातळ हात दिला आणि कोरणीनं चार सुंदर सरळ चुण्या पाडल्या. दहा मिनिटांचं काम, आणि वाळवायला तासभर दिव्याखाली. झाल्यावर इतकं बरं वाटलं मला. वाटलं, म्हाताऱ्याची लाज राखली.

चाचा अडीचच्या सुमारास आले. टोपी काढून खिशात घातली, डबा उघडला, भालाईत घेतला. बघितलं नाही आधी. सवयीनं अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवला आणि अंगठा थांबला.

"तुझा हात लागलाय," ते म्हणाले.

आणि मी खोटं बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, नाही हो चाचा, वाळला की मसाला जरा बसतो, तसं वाटतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षं बोटांनी लाकूड वाचणाऱ्या माणसाला मी हे सांगत होते. त्यांनी भालाईत माझ्यापुढं ठेवला, उभा, तोंड माझ्याकडं करून.

"छान झालाय," म्हणाले. "तुझा आहे, तू ठेव."

मग उठले आणि जिना उतरले. एक हात कठड्याला, एकेक पायरी. मी मागं गेले नाही. आधी तर मला रागच आला. एवढं काय केलं मी? चांगलंच केलं ना? दणादण कामं उरकली, एका डॉक्टरला फोनवर उगाच तोडलं. चार वाजता चहाच्या कपाकडं बघता बघता मला एकदम चाचांच्या ओठाशी धरलेली बशी दिसली. इक्बाल बटण लावतो, सून बशी धरते, आणि मी? त्यांना उभ्या जगात एकच जागा उरली होती जिथं कुणी त्यांच्या हातातनं काही काढून घेत नव्हतं. ती म्हणजे माझं टेबल. मी तिथंच बसून रडले, गॉगल आणि मास्क लावलेला होता म्हणून बरं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. दुकानाच्या मागंच घर. दार सुनेनं उघडलं. हळू आवाजात म्हणाली, काल रात्री जेवले नाहीत, सकाळी उठल्या उठल्या तार मागितली आणि खोलीत जाऊन बसलेत, मला आत येऊ देत नाहीत. चहा गार झाला.

खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलाला दुकानातला दुसरा वाइस, त्यात सुई. चाचांच्या शर्टाची बटणं एकेक घर चुकवून लावलेली, खालचं टोक लोंबत होतं. मी दारातच म्हटलं, चाचा, चुकलं माझं. मीच घासला. आणि वर खोटंही बोलले.

ते म्हणाले, "ते मला कालच ठाऊक होतं. बस."

मी समोरच्या खुर्चीवर बसले. तार पिळायला घेतली होती त्यांनी, ती दोनदा सुटली. माझा हात आपोआप पुढं गेला.

"हात मांडीखाली घे," चाचा म्हणाले.

"काय?"

"दोन्ही हात. मांडीखाली घे आणि बस. तुला माफी मागायची आहे ना? मग एवढं कर. मी तो पुन्हा करणार आहे, आज संध्याकाळपर्यंत. तू बघायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही."

अकरा दिवसांचं काम एका दिवसात. मी म्हणणार होते, कसं शक्य आहे. पण म्हटलं नाही. हात मांडीखाली घातले आणि बसले.

आयुष्यात मी पुष्कळ कष्टाची कामं केली आहेत, पण त्या दिवसासारखं अवघड काम केलं नाही. सांगाडा व्हायलाच पाऊण तास. मसाला मळताना एक गोळा जमिनीवर पडला, त्याला केस लागले, तो टाकून नवा मळला. पाय झाले. मग वाळायची वाट. मधल्या वेळात आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसायचो. धड झालं. डोकं बसवलं आणि ते टपकन गळून पडलं. मी ओठ चावला. चाचांनी डोकं उचललं, फुंकर मारली, परत बसवलं. ते परत पडलं. तिसऱ्यांदा राहिलं. माझ्या बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि खरं सांगते, त्या मुंग्या बसून आलेल्या नव्हत्या. चिमटा समोर पडला होता. एक सेकंदाचं काम होतं.

दुपारी सुनेनं जेवणाची ताटं आणली. चाचांनी तिला सांगितलं, भाकरी मोडू नकोस. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी आपल्या हातानं भाकरी मोडली, निम्मी आमटी टेबलावर सांडली, आणि पोटभर जेवले. मी जेवून परत हात मांडीखाली घातले.

चारच्या पुढं भाला करायची वेळ आली. भाल्याची तार त्यांच्या बोटांतनं उडाली आणि घरंगळत पलंगाखाली गेली, पार भिंतीपाशी. चाचा उठले, गुडघ्यांवर बसले, मग पालथे झाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस फरशीवर गाल टेकून पलंगाखाली हात घालतोय आणि हात नेमका तारेपाशी जाऊन थरथरतोय, तार आणखी आत ढकलतोय. त्याच वेळी इक्बाल दुकानातनं आत आला.

"अब्बा, हे काय. राहू द्या, मी काढतो," म्हणत तो वाकलाच.

"इक्बालभाई, हात लावू नका," मी म्हटलं.

तो वाकल्या जागी थांबला आणि माझ्याकडं बघायला लागला. परकी बाई, खुर्चीत बसलेली, हात मांडीखाली, आणि त्याचा बाप जमिनीवर पालथा. काय वाटलं असेल त्याला.

"ताई, पडतील ते."

"पडू देत," मी म्हटलं. "पडले तर त्यांचे ते उठतील. तार त्यांची आहे. त्यांनाच काढू द्या."

इक्बाल उभा राहिला. त्याच्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना, ते नुसते पुढं-मागं होत होते. मग तो माझ्या बाजूला स्टुलावर बसला, आणि माझ्याकडं बघून त्यानंही हात मांडीखाली घातले. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे बसून होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तार खरवडत खरवडत बाहेर आली. चाचा पलंगाला धरून उठले, कपाळाला धूळ लागलेली, आणि जागेवर जाऊन बसले.

घोंगडी सगळ्यात शेवटी केली. मुठी रोवून, माणूस सुईकडं नेत, एकेक रेघ. एकही सरळ नाही. शेवटची रेघ झाल्यावर त्यांनी बूच टेबलावर ठेवलं, मुठी उघडल्या, आणि म्हणाले, "झाला."

इक्बालनं विचारलं, बघू का? चाचा म्हणाले, वाळू दे, मग बघ. आता चहा सांग, कपात. कप त्यांनी स्वतः उचलला. अर्धा पोटात गेला, अर्धा शर्टावर. आम्ही कुणी हललो नाही. इक्बालच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायलासुद्धा त्यानं हात काढला नाही.

रविवारी आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला गेलो. हॉलमध्ये पन्नासेक माणसं, बहुतेक नितीनच्या वयाची, आणि टेबलांवर असल्या देखण्या सोंगट्या की आमचं तोंडच बंद झालं. नायक तपासायला बेळगावच्या एक अनगोळकर बाई होत्या, पांढरे केस, गळ्यात भिंग. वीस वर्षं हेच करत होत्या म्हणे. माझा नायक बघितला, बरा आहे म्हणाल्या. नितीनचा बघितला आणि ढाल मोठी आहे म्हणाल्या. मग चाचांचा हातात घेतला.

"हा तुमच्या हातचा?" त्यांनी विचारलं.

"हो," चाचा म्हणाले. "फक्त माझ्या."

बाईंनी भिंग लावलं. नाक बघितलं, भाला बघितला. मग त्यांनी सोंगटी फिरवली आणि पाठीवरच थांबल्या. खिडकीच्या उजेडात नेऊन परत बघितलं. आजूबाजूच्या दोघांना बोलावून दाखवलं.

"ही घोंगडी," त्या म्हणाल्या. "मी कितीतरी वर्षं लोकरीचं कापड करायचा प्रयत्न करतेय, माझं रेशमासारखंच दिसतं. हे खरखरीत, हातमागावरचं दिसतंय. ही वीण कशी काढलीत?"

चाचांनी उजवा हात त्यांच्यापुढं धरला. हात आपल्या आपण थरथरत होता.

"हा हलतो ना," ते म्हणाले, "म्हणून."

मी खाली बघितलं. शुक्रवारी मी मशीन लावून हेच तर घासून काढलं होतं. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चल, खेळायला बसू.

खेळात काय, पहिल्याच डावात त्यांनी भालाईत खिंडीत एकटा पुढं घातला आणि समोरच्याचा फासा असा पडला की भालाईत खलास. नायक पडला की डाव संपला. सव्वा तास एसटीत बसून आलो आणि वीस मिनिटांत बाहेर. नितीन हळहळत होता. चाचा मात्र परतीच्या गाडीत भालाईताला खिशातनं काढून काढून बघत होते आणि हसत होते. म्हणाले, मेला बिचारा, पण माझाच होता की नाही?

त्यानंतर ते आठ वर्षं होते. हाताची थरथर वाढतच गेली, पण बटणं स्वतः लावायचे, चुकीच्या घरांत का असेना. घरात त्यांना कुणी थांबवत नव्हतं. ते गेल्यावर इक्बालनं तो वाकडा भालाईत दुकानाच्या काचेच्या कपाटात ठेवला, अब्बांच्या हातच्या शेवटच्या सतारीशेजारी. गिऱ्हाइकं विचारतात. तो सांगतो, ही त्यांची शेवटची वस्तू.

दुसरा भालाईत माझ्याकडं आहे. लॅबच्या टेबलावर, दिव्याखाली, तोंड माझ्याकडं करून. नाक सुरेख आहे, भाला सरळ आहे. बघणारे म्हणतात, काय सफाई आहे हो पद्माताई तुमच्या हाताला. काम करता करता कधीतरी मी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवते. बोटाला काहीच लागत नाही.